सिंगापूरची हौशी पलटण: व्हॉलंटियर शिपाई आणि छावणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे व्हॉलंटियर म्हणजे कोण? पगारी शिपाई नव्हते का?

नव्हते. दिवसभर बँकेत, वखारीत, सरकारी कचेरीत किंवा जहाज कंपनीच्या ऑफिसात काम करायचं आणि संध्याकाळी गणवेश चढवून कवायतीला जायचं, असे हे लोक. लष्कराचा नियमित पगार नाही, पेन्शन नाही. वर्षातून एखादं शिबिर, महिन्यातून ठरलेल्या कवायती आणि बालेस्टियर भागातल्या मैदानावर नेमबाजी. लढाईची वेळ आलीच तर सरकारने बोलवायचं आणि यांनी हजर व्हायचं, एवढा करार. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक बंदरांत अशा पलटणी होत्या. सिंगापूरची त्यांतली जुनी, १८५४ ची.

बंदरात इंग्रजांची फौज होतीच ना? मग या हौशी लोकांची गरज का पडली?

फौज होती, पण कोणाची ते बघा. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्सने इथे वखार थाटली आणि १८२६ पासून पेनांग, मलाक्का, सिंगापूर मिळून स्ट्रेट्स सेटलमेंट्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख झाला. कारभार कलकत्त्याहून चाले. साहजिकच पहाऱ्याला शिपाईही हिंदुस्थानातून येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते मद्रासच्या पलटणींचे असत. सिंगापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या परिसराला आजही जुने लोक ‘सिपॉय लाइन्स’ म्हणतात, ती याच शिपायांच्या छावणीची खूण.

गाव मात्र भराभर वाढत होतं. चिनी वस्ती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त, पोलीस तुटपुंजे आणि मूठभर पलटण. मे १८५४ मध्ये होकियन आणि तेओच्यू या दोन चिनी समाजांत तांदळाच्या व्यवहारावरून बाचाबाची झाली आणि तिचा वणवा झाला. मुळाशी चीनमधल्या बंडखोरांना वर्गणी द्यायची की नाही हा वाद धुमसत होता, असं मानतात. दंगल दहा दिवसांहून जास्त चालली. सुमारे ४०० माणसं मेली, गावाबाहेरचे मळे आणि झोपड्या जळाल्या. जहाजांवरचे खलाशी उतरवावे लागले, व्यापाऱ्यांना खास शिपाई म्हणून शपथ द्यावी लागली.

दोनच महिन्यांत, जुलै १८५४ मध्ये, सिंगापूर व्हॉलंटियर रायफल कोअर उभी राहिली. तेव्हा क्रिमियाचं युद्ध चालू होतं, त्यामुळे रशियन जहाजांच्या भीतीचं कारणही पुढे केलं जाई. माझ्या मते ते कागदावर शोभणारं कारण होतं. बंदुका हाती घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मे महिन्यातली गल्ली होती.

पहिल्या तुकडीत कोण होते?

साठेक युरोपीय: व्यापारी, कारकून, वकील. गव्हर्नर कर्नल बटरवर्थ त्यांचे आश्रयदाते, आणि कवायत करून घ्यायला मद्रास तोफखान्याचे कॅप्टन रोनाल्ड मॅकफर्सन. हे मॅकफर्सन भलतेच उद्योगी गृहस्थ. कैद्यांचे अधीक्षक तेच, सरकारी बांधकामं बघणारे तेच, आणि आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात त्या पांढऱ्याशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलचा आराखडाही त्यांचाच. ते बांधलं हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी.

कैदी? काळं पाणी म्हणजे अंदमान ना?

अंदमानची कैद्यांची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानचं काळं पाणी म्हणजे पेनांग, मलाक्का, सिंगापूर, आराकान. १८२५ पासून बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतले कैदी सिंगापुरात येत होते. रस्ते, पूल, देवळं-चर्च, गव्हर्नरचा बंगला (आजचं इस्ताना, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान) यांवर त्यांचे हात लागले. शीख पुढारी भाई महाराज सिंग इथल्याच तुरुंगात १८५६ मध्ये वारले.

मग १८५७ मध्ये इथे काय झालं?

गोळी एकही सुटली नाही, पण घाबरगुंडी भरपूर उडाली. गावात हजारोंनी हिंदुस्थानी कैदी, छावणीत हिंदुस्थानी शिपाई आणि तिकडे मीरत-दिल्ली पेटलेली. मोहरमच्या सुमारास उठाव होणार अशा वावड्या उठल्या. त्यातच बंडात पकडलेले लोकही सिंगापूरला धाडायचा विचार कलकत्त्यात चालू असल्याचं कळल्यावर युरोपीय व्यापाऱ्यांचा संयम सुटला. कलकत्त्याच्या हाताखालून आम्हाला काढा, असा अर्ज त्यांनी थेट ब्रिटिश पार्लमेंटला केला. दहा वर्षं रेटारेटी होऊन १ एप्रिल १८६७ रोजी स्ट्रेट्स सेटलमेंट्स हिंदुस्थान सरकारपासून सुटून लंडनच्या वसाहत खात्याकडे गेल्या.

फोर्ट कॅनिंगही याच काळातला. १८५९ मध्ये टेकडी तासून किल्ल्याचं काम सुरू झालं आणि नाव दिलं गव्हर्नर जनरल कॅनिंगचं. समुद्रावरच्या शत्रूला थोपवायला ती जागा तशी गैरसोयीची, बंदरापासून दूर. गावात दंगल झालीच तर गोऱ्या कुटुंबांना वर नेऊन ठेवायला मात्र उत्तम. हे उघडपणे बोललंही जात असे.

व्हॉलंटियरांचा उत्साह टिकला का?

कुठे टिकतोय! दंगलीची आठवण पुसट झाली तशी हजेरी रोडावली. साहेब मायदेशी रजेवर जायचे, बदल्या व्हायच्या, नवी पोरं क्रिकेटमध्ये रमायची. १८८७ च्या अखेरीस पलटण मोडली, आणि लगेच १८८८ मध्ये सिंगापूर व्हॉलंटियर आर्टिलरी या नावाने नवी उभी राहिली, या खेपेस तोफांवर. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडल्यापासून सिंगापूर हा पूर्वेकडच्या सागरी वाटेवरचा कोळशाचा मोठा थांबा झाला होता. रशियाशी युद्ध होणार अशी हवा १८८५ च्या आसपास होती, आणि बंदराच्या तोंडाशी नवे कोट बांधले जात होते. तोफा आल्या तर त्या डागायला माणसं हवीत. पुढे मॅक्सिम मशीनगन आल्या, त्याही वर्गणीतून. देणाऱ्यांत शेजारच्या जोहोर या मलाय संस्थानाच्या सुलतानापासून चिनी व्यापाऱ्यांपर्यंत सगळे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर: १८९० च्या सुमारास लंडनने छावणीच्या खर्चापोटी या वसाहतीकडे वर्षाला १ लाख पौंड मागितले. व्यापारी खवळले. तोफा साम्राज्याच्या आणि बिल आमच्या नावावर, अशी त्यांची तक्रार. वर्षानुवर्षं भांडून शेवटी उत्पन्नाच्या टक्केवारीवर तडजोड झाली. फुकटात कवायत करणारा व्हॉलंटियर सरकारला आणि व्यापाऱ्यांना एकाच वेळी का आवडायचा, ते यावरून कळतं.

छावणीतलं रोजचं आयुष्य कसं असे?

छावणी एक नव्हतीच. गोरे सोजीर टँगलिनला राहत. तिथल्या बराकी टेकडीवर, खांबांवर उचललेल्या, रुंद व्हरांड्यांच्या, सुरुवातीला ताडपानांनी शाकारलेल्या. उकाडा आणि ताप यांवरचा तो उपाय. पहाटे कवायत, दुपारी उन्हात काहीच नाही, संध्याकाळी खेळ. पादांगच्या मैदानावर एका टोकाला गोऱ्यांचा क्रिकेट क्लब आणि दुसऱ्या टोकाला युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाच्या, लोकांचा रिक्रिएशन क्लब. मधली हिरवळ एकच, पण कोणी कुठे चहा प्यायचा हे ठरलेलं. सोजिरांचं खरं मनोरंजन दारू आणि मलाय स्ट्रीटची वेश्यावस्ती. गुप्तरोगांनी पलटणी पोखरल्या जात, म्हणून सरकारने १८७० मध्ये कायदा करून वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू केली. इंग्लंडातल्या आंदोलनामुळे तो कायदा १८८८ मध्ये मागे घ्यावा लागला.

तोफखाना बेटांवर. आज जिथे लोक सेंटोसाच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवतात ते बेट तेव्हा ब्लाकांग माती नावाने ओळखलं जाई, आणि तापासाठी बदनाम होतं. सिलोसो, सेरापाँग, कनॉट हे कोट तिथेच. तोफांवर गोऱ्यांच्या जोडीला पंजाबात भरती केलेले शीख आणि मुसलमान गोलंदाज असत.

हिंदुस्थानी पायदळ अलेक्झांड्रा बराकीत. त्यांचं जग वेगळं: स्वतःचा शिधा, स्वतःचे भांडारी, सुभेदार-जमादारांची आपसातली चुरस, शुक्रवारी मशीद, घरून महिन्याने येणारं पत्र. गावात त्यांना ओळखीचे चेहरे भेटत ते पहारेकऱ्यांचे, दूधवाल्यांचे आणि १८८१ पासून पोलिसांतल्या शीख तुकडीचे. इंग्रज अधिकारी सोडले तर गोऱ्या सिंगापूरशी त्यांचा संबंध जवळपास शून्य. १९१५ मधलं इथल्या शिपायांचं बंड समजून घ्यायचं तर हे आधी लक्षात ठेवावं लागतं.

बंदूक कोणालाही मिळायची का?

मुळीच नाही. आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. १८५४ मध्ये युरोपीयच. १९०१ मध्ये पलटणीचं सिंगापूर व्हॉलंटियर कोअर असं नामांतर झालं तेव्हा इथे जन्मलेल्या, इंग्रजी शिकलेल्या चिनी तरुणांची एक कंपनी निघाली. डॉक्टर लिम बून केंग आणि वकील साँग ओंग सियांग हे तिच्यातले पुढारी. साँग १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेलेल्या तुकडीत होते. युरेशियन आणि पुढे मलाय लोकांच्याही कंपन्या झाल्या. ज्या समाजाच्या दंगलीमुळे पलटण काढली, त्याच समाजातले निवडक लोक ४७ वर्षांनी तिच्या गणवेशात आले.

हिंदुस्थानात काय होतं? मुंबई, कलकत्ता, मद्रासलाही व्हॉलंटियर पलटणी होत्या, पण व्यवहारात त्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या. सुशिक्षित हिंदी लोकांना व्हॉलंटियर होऊ द्या, ही मागणी काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत पुन्हापुन्हा ठरावाने केली गेली आणि पुन्हापुन्हा केराच्या टोपलीत गेली. दार किलकिलं झालं ते १९१७ मध्ये, इंडियन डिफेन्स फोर्स निघाली तेव्हा, तेही युद्धाची निकड म्हणून.

१९१५ चं बंड नेमकं काय होतं?

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर गोरी पलटण फ्रान्सच्या आघाडीसाठी उचलली गेली आणि तिच्या जागी ऑक्टोबर १९१४ मध्ये मद्रासहून ५ वी लाइट इन्फंट्री आली. आठशेच्या वर माणसं, जवळपास सगळे मुसलमान, आजच्या हरियाणा-दिल्ली पट्ट्यातले रांघड (मुसलमान राजपूत) आणि पठाण. १८५७ नंतरही न मोडलेली ही कंपनीच्या बंगाल फौजेतली जुनी पलटण. सिंगापुरात नियमित पायदळ एवढंच. बाकी तोफखाना, पोलीस आणि व्हॉलंटियर.

असंतोषाला एक कारण नव्हतं. पलटणीचे प्रमुख कर्नल मार्टिन आणि त्यांच्या अधिकाऱ्यांचं पटत नव्हतं. बढतीवरून भांडणं. शिध्याबद्दल कुरबुर. नोव्हेंबरपासून तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध युद्धात, म्हणजे खलिफाविरुद्ध लढायचं का हा प्रश्न. कांपाँग जावा इथल्या मशिदीतले नूर आलम शाह जर्मन आणि तुर्क येणार असं सांगत. कासिम मन्सूर नावाच्या हिंदी व्यापाऱ्याने रंगूनच्या तुर्की वकिलातीला पत्र धाडलं होतं. अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर संघटनेचा प्रचारही बंदरातून फिरत होता. टँगलिनला ज्या जर्मन कैद्यांवर हे शिपाई पहारा देत, त्यांत एम्डेन या जर्मन युद्धनौकेवरचा अधिकारी लाउटरबाख होता. तो गोडीगुलाबीने कान भरायचा. याच एम्डेनने सप्टेंबरमध्ये मद्रासवर तोफा डागल्या होत्या.

पलटण हाँगकाँगला जायची होती. १५ फेब्रुवारीच्या सकाळी निरोपाच्या कवायतीत सिंगापूरच्या फौजेचे प्रमुख जनरल रिडाउट यांनी स्तुतीपर भाषण केलं, पण कुठे जायचं ते सांगितलं नाही. तुर्कांशी लढायला नेणार किंवा वाटेत जहाज बुडवणार, या अफवांना मग रान मोकळं. चिनी नववर्षाची सुट्टी असल्याने गाव सुस्त होतं. दुपारी साडेतीनच्या सुमारास दारूगोळा लॉरीत चढवत असताना पहिली गोळी सुटली.

मग व्हॉलंटियरांनी काय केलं?

सुरुवातीला गोंधळ. निम्मी पलटण बंडात, बाकीचे पांगलेले किंवा लपलेले. एक जमाव टँगलिनला गेला, पहारेकरी मारले, कैद्यांचे दरवाजे उघडले आणि जर्मनांना मिठ्या मारल्या. बहुतेक जर्मन जागचे हलले नाहीत. लाउटरबाख आणि आणखी काही जण मात्र संधी साधून पळाले. दुसऱ्या जमावाने वाटेत दिसेल त्या गोऱ्यावर गोळ्या झाडल्या. तिसऱ्याने कर्नल मार्टिनचा बंगला वेढला. तो रात्रभर लढवला गेला याचं श्रेय मलाय संस्थानांतल्या व्हॉलंटियर रायफल्सच्या ऐंशीएक जणांना. ते शेजारच्या नॉर्मंटन छावणीत सरावासाठी आले होते, म्हणून हाताशी सापडले.

सकाळपर्यंत सिंगापूरचे व्हॉलंटियर, कॅडमस युद्धनौकेचे खलाशी, तोफखाना, पोलीस आणि शहरातले दोनेकशे जपानी नागरिक यांची मोट बांधली गेली. गोऱ्या बायका-मुलांना बंदरातल्या जहाजांवर नेलं. जोहोरचे सुलतान इब्राहिम आपली फौज घेऊन धावले. पुढच्या दिवसांत फ्रेंच, जपानी, रशियन युद्धनौका आल्या आणि २० तारखेला रंगूनहून श्रॉपशायरची पलटण उतरली. गंमत म्हणजे तीही टेरिटोरियल, म्हणजे मुळात फावल्या वेळातल्या शिपायांचीच. बंडवाल्यांना नेता नव्हता आणि बेतही नव्हता. मलाय-चिनी वस्तीनेही साथ दिली नाही. सुटीच्या दिवशी सुरू झालेलं प्रकरण आठवड्यात शोधमोहिमेवर आलं. चाळिसाच्या वर माणसं मारली गेली, त्यांत बरेच साधे नागरिक होते.

जाहीर गोळीबाराची शिक्षा व्हॉलंटियरांनी दिली हे खरं?

खरं. दोनशेहून जास्त शिपायांवर लष्करी खटले चालले, ४७ जणांना मृत्युदंड झाला, कित्येकांना जन्मठेप. आउट्रम तुरुंगाच्या भिंतीबाहेर, लोकांना दिसेल असे खांब रोवून गोळ्या घालण्यात आल्या. २५ मार्चला एकाच वेळी २२ जण उभे केले. बघ्यांची गर्दी १५,००० च्या वर असल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्राने छापलं. बंदूकधारी होते व्हॉलंटियर कोअरच्या कर्नल डेरिक यांच्या हाताखालच्या तुकड्यांतले लोक. कालपर्यंत खतावण्या लिहिणारे. पंधरावीस पावलांवरच्या माणसावर नेम धरायची शिकवण नेमबाजीच्या मैदानावर मिळत नाही. नेम चुकले, काही जणांना पुन्हा गोळ्या घालाव्या लागल्या. चौकशीत कर्नल मार्टिनवर ठपका आला. बंडात नसलेल्या शिपायांना पुढे कॅमेरून आणि पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर धाडलं, आणि पलटण १९२२ मध्ये मोडली.

याला स्वातंत्र्ययुद्धाचा भाग म्हणायचं का?

गदरच्या इतिहासात त्याला जागा आहे आणि ती रास्त आहे. पण वाटेत सापडलेली नि:शस्त्र माणसं मारली गेली तेही त्याच दुपारी. मला हे बंड घर सोडून आलेल्या, कुठे नेतायत हे न सांगितलेल्या शिपायांचं वाटतं. खलिफा, गदर आणि जर्मन यांनी त्या रागाला आपापली भाषा दिली.

त्यानंतर काय बदललं?

दोन गोष्टी ताबडतोब. ब्रिटिश प्रजाजन पुरुषांना सक्तीने राखीव दलात किंवा नागरी पहाऱ्यात भरती करणारा कायदा ऑगस्ट १९१५ मध्ये आला. आणि सिंगापुरातल्या तमाम हिंदी लोकांना नावनोंदणी करायला लावली. दुकानदार, कारकून, धोबी, कोणीही असो. हा अपमान इथल्या हिंदी समाजाने बरीच वर्षं विसरला नाही.

१९२२ मध्ये तिन्ही बंदरांच्या हौशी पलटणी एकत्र करून स्ट्रेट्स सेटलमेंट्स व्हॉलंटियर फोर्स झाली. सिंगापूरच्या दोन पलटणी, पेनांग आणि मलाक्काची एकेक. बीच रोडवर १९३३ मध्ये नवं मुख्यालय उघडलं.

१९४२ मध्ये सगळ्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या, म्हणून शहर पडलं ना?

हे वाक्य लग्नातसुद्धा ऐकवणारे लोक आहेत. चांगीच्या १५ इंची तोफांपैकी काही मागे वळू शकत होत्या आणि जोहोरच्या दिशेने त्या डागल्याही गेल्या. अडचण गोळ्यांची: साठा मुख्यतः जहाजाचं चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांचा, पायदळावर त्यांचा उपयोग कमी. शहर पडलं त्याची मोठी कारणं विमानांची आणि नौदलाची कमतरता, आणि मलायातली पंचावन्न दिवसांची माघार.

तेव्हा व्हॉलंटियरांचं काय झालं?

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी शरणागती झाली. बंडाचीच तारीख, २७ वर्षांनंतरची, आणि या वेळी चिनी नववर्षाचा पहिला दिवस. गोरे व्हॉलंटियर चांगीच्या बंदिवासात आणि तिथून कित्येक जण सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर गेले. चिनी व्हॉलंटियरांना गणवेश टाकून घरी जायला सांगितलं होतं. पण जपान्यांनी लगेच चिनी पुरुषांची जी छाननी आणि कत्तल केली तिच्यात व्हॉलंटियर हे ठरवून शोधले गेले. इंग्रजांनी ज्यांच्यावर विश्वास टाकायला ४७ वर्षं लावली त्यांनी सर्वांत महाग किंमत मोजली.

या कथेत मराठी माणसाचा काही धागा आहे का?

थेट फारसा नाही, ओढूनताणून आणू नये. मुंबई इलाख्यातले कैदी हा एक. दुसरा धागा नावाचा. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापुरात आले आणि आझाद हिंद सेनेत बायकांची पलटण काढायची त्यांनी घोषणा केली. तिला नाव दिलं झाशीच्या राणीचं. ऑक्टोबरमध्ये वॉटर्लू स्ट्रीटवर तिची छावणी सुरू झाली, नेतृत्व कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांचं. त्यात बऱ्याच मुली मलायातल्या रबर मळ्यांवरच्या तमिळ कुटुंबांतल्या, ज्यांनी हिंदुस्थान पाहिलाही नव्हता. बंदूक हातात घेण्याची परवानगी त्यांच्या बापांना या बंदरात सहसा कधी मिळाली नव्हती.

आज सिंगापुरात यातलं काय बघता येतं?

सेंटोसावर फोर्ट सिलोसो नीट राखलाय. तोफा, भुयारं, सगळं. फोर्ट कॅनिंगचा दरवाजा उभा आहे आणि टेकडीच्या पोटात तो बंकर आहे जिथे १९४२ मध्ये ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हल यांनी शरण जायचं ठरवलं. टँगलिनच्या बराकींत आता हॉटेलं आणि पुराण्या सामानाची दुकानं आहेत, डेम्प्सी हिल या नावाने. बीच रोडवरच्या जुन्या लष्करी इमारतींच्या काही भिंती साउथ बीचच्या उंच इमारतींच्या मध्ये जपल्यात. १९१५ मध्ये मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलमध्ये (आजचा व्हिक्टोरिया कॉन्सर्ट हॉल) आणि सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलमध्ये आहेत. गोळ्या घातलेल्या शिपायांच्या नावाची पाटी आउट्रमला शोधू नका; तुरुंगही पाडला आणि भिंतही.